डिस्क उडाली, बेरीज उरली

मे महिन्याच्या अखेरीस, लग्नसराई ओसरत असताना, पनवेलमधल्या एका फोटो स्टुडिओतून मला फोन आला. "दादा, बॉक्स उघडत नाहीये, जरा येऊन जाता का?" बॉक्स म्हणजे चार हार्ड डिस्कांचा स्टोरेजचा डबा. तो टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात ठेवलेला होता. आत चार-चार टीबीच्या चार डिस्क रेड ५ पद्धतीने जोडलेल्या होत्या आणि विकणाऱ्याने सांगितलं होतं की एक डिस्क उडाली तरी काही जात नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं. पण पहिली डिस्क फेब्रुवारीतच उडाली होती. तेव्हापासून समोरचा एक दिवा नारिंगी लुकलुकत होता. फायली उघडत होत्या, एडिटिंग चालू होतं, म्हणून त्या दिव्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. मे महिन्यात दुसरी डिस्क गेली आणि तिच्यासोबत तीन महिन्यांची लग्नं गेली. डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबने काही फायली काढून दिल्या, पण पुष्कळ गेल्या त्या गेल्याच.

त्या दिवसापासून मी रेडचा डबा घेणाऱ्या प्रत्येकाला आधी बसवतो आणि तो आतून कसा चालतो ते कागदावर काढून दाखवतो. फोटोग्राफर असोत, एक्स-रे साठवणारे डॉक्टर असोत, की वर्षानुवर्षांच्या फायली सांभाळणारे सीए. हे गणित किराण्याच्या वहीइतकं सोपं आहे. ते एकदा कळलं की त्या नारिंगी दिव्याचा अर्थ कुणाला वेगळा सांगावा लागत नाही.

रेड हे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये एक शोधनिबंध मांडला. तेव्हा मोठ्या संगणकांना आयबीएमची ३३८० ही ७.५ जीबीची अवाढव्य, महागडी डिस्क लागायची. दुसरीकडे घरगुती संगणकांसाठी १०० एमबीच्या छोट्या, स्वस्त डिस्क नुकत्याच बाजारात आल्या होत्या. तिघांनी विचारलं, की एका मोठ्या डिस्कऐवजी ७५ लहान एकत्र का जोडू नयेत? वेग वाढेल, वीज कमी लागेल. पण त्यातली मेखही त्यांनीच दाखवली. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर १०० डिस्कांच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत यायचा, म्हणजे दोन आठवड्यांच्याही आत. जितक्या डिस्क जास्त, तितकी त्यातली एखादी उडण्याची शक्यता जास्त. म्हणून जोडणीत थोडी जागा राखीव ठेवायची आणि तिच्यात गेलेल्या डिस्कची भरपाई करणारी माहिती लिहायची. रेड ० सोडला तर रेडची सगळी घराणी या एका विचारातून निघाली.

सगळ्यात आधी रेड ०, कारण धोका तिथे आहे आणि तो नकळत घरात येतो. यात प्रत्येक फाइलचे छोटे तुकडे करून एक तुकडा या डिस्कवर, दुसरा त्या डिस्कवर असे आळीपाळीने लिहिले जातात. दोन डिस्क एकाच वेळी काम करतात, त्यामुळे वेग जवळपास दुप्पट होतो आणि जागाही पुरी मिळते. मात्र राखीव जागा शून्य. एक डिस्क उडाली की उरलेल्या डिस्कवर जवळपास प्रत्येक फाइलचा अर्धामुर्धा भाग राहतो आणि तो कुणाच्याही उपयोगाचा नसतो. दोन डिस्कांचे काही डबे कारखान्यातूनच या पद्धतीवर लावलेले येतात. ८ टीबीच्या दोन डिस्कांचा डबा घेतलात आणि संगणकावर १६ टीबी दिसले (विंडोज ते १४.५ च्या आसपास दाखवतं, कारण कंपनी टीबी मोजते हजाराच्या पटीत आणि विंडोज १०२४ च्या), तर आनंद मानू नका. त्या डब्यात संरक्षण नाही एवढाच त्याचा अर्थ. एडिटिंग चालू असतानाची तात्पुरती जागा म्हणून रेड ० चालेल. जिथे एखाद्या फाइलची एकच प्रत आहे तिथे मात्र तो ठेवू नका.

रेड १ म्हणजे मिरर, आरसा. जे एका डिस्कवर तेच दुसऱ्यावर. १६ टीबी घेतले तरी वापरायला ८ मिळतात. लोकांना इथे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, पण या पद्धतीचा एक गुण फार मोलाचा आहे. अशी एक डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तर बहुतेक वेळा ती थेट किंवा थोड्या खटपटीनंतर वाचता येते. डबा स्वतःच बिघडला तरी डेटा अडकून पडत नाही.

आता रेड ५. घरखर्चाच्या वहीत एका दिवसाच्या तीन ओळी आहेत समजा: दूध १२०, भाजी ८५, किराणा ३४०. खाली बेरीज ५४५. वहीवर पाणी सांडलं आणि भाजीचा आकडा पुसला गेला. घाबरायचं कारण नाही. ५४५ मधून १२० आणि ३४० वजा करा, ८५ परत मिळतात. बेरजेची ओळ पुसली गेली तर ती पुन्हा करता येते. म्हणजे चार ओळींपैकी कोणतीही एक गेली तरी वही पूर्ण होते. पण दूध आणि भाजी दोन्ही पुसले, तर हाती एवढंच राहतं की दोन्ही मिळून २०५ झाले. दुधाचे किती आणि भाजीचे किती, ते देवालाच ठाऊक.

चार डिस्कांच्या रेड ५ मध्ये हेच चालतं. तीन डिस्कांचा माल आणि एका डिस्कएवढी बेरीज. संगणक मात्र खरी बेरीज न करता सम-विषम पाहतो. डिस्कवर सगळं ० आणि १ मध्ये असतं. तीन डिस्कांवर एकाच जागी १, ० आणि १ असेल, तर एकांची संख्या सम झाली, म्हणून चौथ्या जागी ० लिहायचा. तीनही ठिकाणी १ असेल तर संख्या विषम, म्हणून चौथ्या जागी १ लिहून ती सम करायची. या चौथ्या आकड्याला पॅरिटी म्हणतात. पहिल्या उदाहरणातली मधली डिस्क उडाली की उरलेल्यांवर १, १ आणि पॅरिटी ० दिसते. एकूण सम यायला हवं, म्हणजे गेलेला आकडा ०. कोट्यवधी जागांवर हीच आकडेमोड करून नव्या डिस्कवर जुनी डिस्क जशीच्या तशी उभी केली जाते. त्याला रिबिल्ड म्हणतात. ही पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक लेखनाच्या वेळी ती एकटीच राबत राहील. म्हणून रेड ५ मध्ये पॅरिटीचे तुकडे आळीपाळीने सगळ्या डिस्कांवर वाटलेले असतात. "यातली पॅरिटीची डिस्क कोणती?" असं मला पुष्कळजण विचारतात. ती वेगळी अशी नसतेच.

यातून दोन गोष्टी ओघाने येतात. लहानसा बदल करायचा झाला तरी डब्याला जुना माल आणि जुनी पॅरिटी वाचून मग नवा माल आणि नवी पॅरिटी लिहावी लागते. एका कामाची चार कामं होतात, म्हणून छोट्या-छोट्या असंख्य फायलींना रेड ५ जड जातो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एक डिस्क उडाल्यापासून रिबिल्ड पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे फक्त एक ओळ पुसलेली वही असते. फायली नेहमीसारख्या उघडतात, कारण डबा दर वेळी वजाबाकी करून गेलेला भाग तुम्हाला काढून देत असतो. त्या स्टुडिओत फेब्रुवारीपासून मेपर्यंत हेच चाललं होतं.

मग त्या काळात दुसरी डिस्क जाईल का? डिस्क मोठ्या झाल्यापासून ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने पुन्हा भरायला जवळपास १५ तास लागतात, तेही दुसरं काही काम चालू नसताना. काम चालू असेल तर दोन-तीन दिवसही जातात. एवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्या बहुधा त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेल्या, तितक्याच वयाच्या आणि त्याच डब्यात तापलेल्या असतात. शिवाय साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात दर १२.५ टीबी वाचनामागे एखादी जागा न वाचता येण्याची शक्यता धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा पुष्कळ चांगल्या वागतात. पण चार ८ टीबीच्या डिस्कांत एक गेली की उरलेले २४ टीबी निर्दोष वाचले जायला हवेत, हे लक्षात ठेवूनच खरेदी करावी. माझं मत असं, की ४ टीबीपेक्षा मोठ्या डिस्क असतील तर रेड ५ लावू नये.

त्यावर उतारा म्हणजे रेड ६. वहीत साध्या बेरजेखाली आणखी एक बेरीज मांडायची, पण वेगळ्या वजनाने: दुधाला १ ने गुणा, भाजीला २ ने, किराण्याला ३ ने. १२० अधिक १७० अधिक १,०२०, म्हणजे १,३१०. आता दूध आणि भाजी दोन्ही पुसले तरी पहिली बेरीज सांगते की दोघांचे मिळून २०५, आणि दुसरी सांगते की दूध आणि दुप्पट भाजी मिळून २९०. म्हणजे भाजी ८५ आणि दूध १२०. शाळेत एकसामयिक समीकरणं शिकताना हे पुढे कुठे लागणार असं वाटायचं. ते इथे लागलं. डब्यातलं खरं गणित थोडं वेगळं आहे. इर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या कुळातलं. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला असतो, हळदीचे डाग पडलेले असतात, तरी पैसे बरोबर त्यांच्याच खात्यात जातात, त्यामागे रीड-सॉलोमनच आहेत. मला हे आठवलं की बाजारातून जाताना त्या स्टिकरकडे पुन्हा एकदा पाहावंसं वाटतं. रेड ६ मध्ये कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. किंमत म्हणून दोन डिस्कांची जागा द्यावी लागते.

चार डिस्कांनाच आणखी एक पर्याय म्हणजे रेड १०: आरशाच्या दोन जोड्या, आणि त्या दोन जोड्यांवर रेड ० सारखी वाटणी. जागा रेड ६ एवढीच, निम्मी. मात्र वेग चांगला आणि रिबिल्ड लवकर, कारण फक्त जोडीदाराची नक्कल करायची असते. दुसरी उडालेली डिस्क त्याच जोडीतली निघाली तर मात्र सगळं गेलं.

मला विचाराल तर एकट्याने चालवलेल्या स्टुडिओला किंवा दवाखान्याला दोन मोठ्या डिस्कांचा रेड १ आणि बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क एवढं पुरतं. चार जण एकाच वेळी त्यावर एडिटिंग करत असतील तर रेड १०. जुनी कामं साठवून ठेवायची असतील आणि डिस्क पाच-सहा असतील तर रेड ६. घरच्या फोटोंसाठी रेडची गरजच नाही; दोन बाहेरच्या डिस्क घ्या, दोन्हींवर तेच ठेवा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर इथल्या दुकानातून घ्या, पण दोन गोष्टी विचारा. पहिली, या डिस्क नॅससाठी आहेत का, म्हणजे नेटवर्कवरच्या डब्यात चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या आहेत का. दुसरी, त्या एसएमआर तर नाहीत ना. एसएमआर डिस्कवर माहितीच्या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. आपल्याकडे कोकणात मंगलोरी कौल बदललेलं ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच समजेल: मधलं एक काढायचं तर वरची चार सैल करावी लागतात. जागा वाचते, पण पुन्हा-पुन्हा लिहिताना अशी डिस्क रखडते आणि रिबिल्डच्या वेळी तर डबा तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही याच प्रकारच्या असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. म्हणून मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या यादीत तो पाहा. शक्य असेल तर डिस्क दोन वेगवेगळ्या खेपांतल्या घ्या, शेजारशेजारच्या क्रमांकाच्या नकोत.

आपल्याकडे पावसाळ्यात दिवे जातात, येतात, पुन्हा जातात. रेड ५ आणि ६ ला हे फार बाधतं. माल लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर वहीतली ओळ नवी आणि बेरीज जुनी अशी अवस्था होते. पुढे कधीतरी डिस्क उडाल्यावर डबा त्या चुकीच्या बेरजेतून चुकीचाच आकडा काढतो. म्हणून डब्याला यूपीएस हवाच. यूपीएसमधून डब्याला यूएसबीची तार जोडता येते, ती जोडा. म्हणजे बॅटरी संपत आली की डबा आपणहून नीट बंद होतो. ही तार खोक्यातच राहिलेली मी किती ठिकाणी पाहिली आहे.

पहिल्या दिवशी, डब्यात काहीही भरण्याआधी, एक डिस्क मुद्दाम बाहेर काढा. दिवा कोणता लागतो, आवाज होतो का, मोबाइलवर मेल येतो का, ते पाहा. डिस्क पुन्हा घाला, रिबिल्ड सुरू करा आणि किती तास लागले ते डब्यावर लिहून ठेवा. मेल आला नाही तर तो येईपर्यंत सेटिंगच्या मागे लागा. फेब्रुवारीत त्या स्टुडिओच्या मालकांना एक मेल आला असता तर पुढचं काही घडलं नसतं. शिवाय महिन्यातून एकदा डबा सगळी वही आपणहून तपासेल अशी वेळ लावा. या तपासणीला स्क्रबिंग म्हणतात. डेबियन लिनक्सवर हे काम दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होतं. बाजारातल्या नॅस डब्यांत ते सहसा तुम्हालाच सुरू करावं लागतं. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कांचा अभ्यास छापला. त्यात दिसलं की तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत उडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट असते. म्हणून अशी पहिली चूक दिसली की "अजून चालतेय" म्हणत थांबू नका, डिस्क बदला.

आणि डिस्क उडालीच, तर आधी हात मागे घ्या. घाईत चांगली डिस्क बाहेर काढल्याने जेवढं नुकसान होतं तेवढं बिघडलेलीने होत नाही. प्रत्येक डिस्कचा क्रमांक आणि तिची जागा डब्याच्या पाठीवर चिकटवलेली असावी. रिबिल्ड सुरू करण्याआधी नव्या, महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा, कारण सगळ्यात जास्त ताण पुढच्याच तासांत येणार आहे. पडद्यावर "इनिशियलाइज" किंवा "फॉरमॅट" असं काही विचारलं तर होकार देऊ नका आणि माहितगाराला बोलवा.

एक गैरसमज मात्र मला सगळ्यात जास्त छळतो: रेड आहे, मग बॅकअप कशाला? चुकून पुसलेली फाइल आरशातल्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस आला तर कुलूप सगळ्या डिस्कांवर लागतं. आणि पूर आला तर डबा एकच असतो. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात दोन प्रती असल्या काय आणि पाच असल्या काय. डिस्क उडाली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी रेड असतो. बॅकअप वेगळा हवा, रोज जोडलेला नसलेला, आणि त्यातला निदान एक दुसऱ्या छपराखाली. पेणला बहीण असेल तर तिच्याकडे, पुण्यात मेव्हणा असेल तर त्याच्याकडे. दर महिन्याला गेलात की अदलाबदल करून आणा.

आपल्या पनवेल तालुक्यातच, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत, जुलै २०२० मध्ये योट्टाचं एनएम १ हे प्रचंड डेटा सेंटर सुरू झालं. तिथून जाताना एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "आत असेच डबे असतात का हो, फक्त खूप सारे?" जगभरच्या अशा मोठ्या साठवणुकीत विचार तोच असतो, पण डब्याच्या भिंती मोडलेल्या असतात. गूगलने २००३ मध्ये आपली पद्धत छापली तेव्हा त्यांच्याकडे प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या यंत्रांवर असायच्या. फेसबुकने २०१४ मध्ये सांगितलं की जुने फोटो ते मालाचे दहा तुकडे आणि पॅरिटीचे चार अशा चौदा तुकड्यांत, वेगवेगळ्या रॅकवर ठेवतात. कोणतेही चार गेले तरी फोटो परत येतो. तीच किराण्याची वही. फक्त ओळी दहा, बेरजा चार आणि प्रत्येक ओळ वेगळ्या खोलीत.

शेवटचं काम लोक हमखास विसरतात. बदललेली जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि एक दिवस भंगारवाल्याकडे जाते. रेड १ मधून निघालेल्या डिस्कवर तुमचा सगळा डेटा जसाच्या तसा असतो. रेड ५ मधलीवरही तुकड्यात मावणाऱ्या छोट्या फायली, बिलं, आधार कार्डांच्या प्रती, रुग्णांच्या चिठ्ठ्या सापडू शकतात. डिस्क चालू असेल तर ती सगळी शून्यांनी भरून पुसा. चालू नसेल तर तिच्यातल्या चकत्यांतून आरपार ड्रिल मारा, निदान तीन भोकं, आणि मगच भंगारात द्या.